३६० पानांचा हिशेब

'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळात टेबलावर पाकिटं फोडून, एकेक पान निवडत आपला डेक, म्हणजे खेळायचा पत्त्यांचा गठ्ठा, बांधायचा, याला ड्राफ्ट म्हणतात. ठरावीक कल्पनांभोवती आखलेला थीम ड्राफ्ट घरी बांधायला बसलं की आधी पानं, म्हणजे पत्ते, मोजावी लागतात. आठ खेळाडू, प्रत्येकाला तीन पाकिटं, पाकिटात १५ पानं, म्हणजे ३६०. हा हिशेब दुकानातल्या बूस्टर पाकिटातून, म्हणजे आत कोणती पानं आहेत ते फोडल्यावरच कळणाऱ्या पाकिटातून, आला.

गणितज्ञ रिचर्ड गारफिल्ड यांचा हा खेळ विझार्ड्स ऑफ द कोस्टने १९९३ साली आणला. पाकीट फोडायचं, अदलाबदल करायची आणि आपला डेक घरून बांधून आणायचा, अशी मूळ रीत. ड्राफ्टमध्ये पाकीट टेबलावरच फुटतं. एक पान ठेवून उरलेली १४ डावीकडच्याला द्यायची. दुसऱ्या पाकिटाला दिशा उलटी, तिसऱ्याला पुन्हा डावीकडे. हातात आलेल्या ४५ पानांतून बावीस-तेवीस निवडायची, वर लँड (बाकी पानं खेळायला लागणारी शक्ती देणारी पानं) घालायचे आणि किमान ४० पानांचा डेक उभा करायचा.

यातला सगळ्यात गोड क्षण नवव्या निवडीला येतो. आपण पहिल्यांदा फोडलेलं पाकीट आठ हातांतून फिरून परत येतं, आत सात पानं उरलेली असतात. कोणती आठ गेली हे पाहिलं की टेबलावर कोण काय गोळा करतंय याचा अंदाज येतो. थीम आखणाऱ्याने हा क्षण जपायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवातीला निघालेल्या पानांच्या संचांत असा विचार नव्हता. १९९६ च्या 'मिराज'पासून पाकिटं फोडून तिथेच खेळणारा माणूस डोळ्यांपुढे ठेवून पानं आखली जाऊ लागली. २००५ साली सुरू झालेल्या 'रॅव्हनिका'च्या तीन संचांनी पानांच्या पाच रंगांच्या (पांढरा, निळा, काळा, लाल, हिरवा) दहा जोड्यांना दहा गिल्ड, म्हणजे संघटना, दिल्या, प्रत्येकीचा स्वभाव वेगळा. 'दोन रंग म्हणजे एक थीम' हा साचा खेळाडूंच्या मनात घट्ट बसला तो तिथे.

२०११ चा 'इनिस्ट्राड' मला यातला सर्वोत्तम वाटतो. व्हॅम्पायर लाल-काळ्यात, वेअरवुल्फ लाल-हिरव्यात, झोंबी निळ्या-काळ्यात, भुतं पांढऱ्या-निळ्यात, माणसं हिरव्या-पांढऱ्यात. एवढ्यावरच थांबला असता तर पाच ठरलेल्या वाटा झाल्या असत्या. पण त्यात 'स्पायडर स्पॉनिंग' नावाचं एक हिरवं पान होतं. ग्रेव्हयार्डमध्ये, म्हणजे आपल्या बाद झालेल्या पानांच्या ढिगात, पडलेल्या प्रत्येक प्राण्याच्या पानामागे एक कोळी मिळतो, आणि काळा रंग जोडीला असेल तर तेच पान ग्रेव्हयार्डातून पुन्हा खेळता येतं. खेळाडूंनी स्वतःचीच पानं मुद्दाम ग्रेव्हयार्डमध्ये ढकलायची युक्ती काढली आणि या एका पानाभोवती सबंध डेक उभा केला. त्यासाठी लागणारी बरीचशी पानं दुसऱ्या थीममध्येही चालत होती, म्हणून हे जमलं. घरी थीम ठरवताना मी प्रत्येक पानाला हेच विचारतो: तुला आणखी कोण उचलेल? उत्तर एकच जण असेल, तर ते पान न भांडता त्याच्याकडे जातं आणि बाकी सातजणांसाठी पाकिटातली ती जागा वाया जाते.

घरच्या बांधणीला खरी वाट करून दिली ती क्यूबने. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडातल्या टोरोंटोच्या खेळाडूंनी आपल्या संग्रहातली निवडक पानं, प्रत्येकाची एकच प्रत, एका पेटीत भरली, पिसली आणि त्यांचीच पाकिटं केली. डाव संपला की पानं पुन्हा पेटीत. त्यामुळे महाग पान घरी न्यायच्या मोहाने उचलणं बंद झालं, दर खेपेला पाकिटांचा खर्च उरला नाही, आणि पेटीत काय असावं हे घरातला माणूस ठरवू लागला. २०१२ साली विझार्ड्सने स्वतःच्या 'मॅजिक ऑनलाइन' या इंटरनेटवरच्या खेळातही क्यूब आणला. केवळ कॉमन, म्हणजे सहज मिळणाऱ्या, पानांचे पॉपर क्यूब तर कमी पैशांत बांधता येतात. नवख्याने तिथूनच सुरुवात करावी.

२०२० च्या 'जंपस्टार्ट'ने उलट टोक गाठलं. २० पानांचं एका थीमचं पाकीट, तशी दोन एकत्र पिसायची की ४० चा डेक तयार. मांजरं आणि ड्रॅगन, चाचे आणि व्हॅम्पायर, काहीही जुळतं. पान निवडणं त्यात नाही. तरी नवे पाहुणे आले की मी आधी तीच पाकिटं काढतो; ३६० ची पेटी जेवणानंतर उघडते.