दृष्टी-चेताविज्ञान आणि कॉम्प्युटर व्हिजन : संयुक्त पीएचडी संशोधन

माणसाचा मेंदू कसा पाहतो याचा शोध घेणारे चेताविज्ञान आणि यंत्राला चित्रातल्या वस्तू ओळखायला शिकवणारे कॉम्प्युटर व्हिजन या दोन क्षेत्रांना एका प्रबंधात आणणारे संशोधन. बहुतेक विद्यापीठांत या नावाची वेगळी पदवी नाही. विद्यार्थ्याची नोंदणी चेताविज्ञान, मानसशास्त्र, संगणकशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्स यांपैकी एखाद्या विभागात होते. काम मात्र दोन्हीकडचे करावे लागते.

दोन्ही क्षेत्रांचे नाते जुने आहे. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी १९५९ मध्ये मांजराच्या मेंदूतील दृष्टिक्षेत्रावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. ठिपके दाखवूनही गप्प राहणारी एक चेतापेशी काचेची स्लाइड सरकवताना तिच्या कडेची सावली पडताच जोरात प्रतिसाद देऊ लागली. पेशी विशिष्ट कोनातल्या रेषेला प्रतिसाद देत होती. या कामासाठी दोघांना १९८१ च्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. जपानचे कुनिहिको फुकुशिमा यांनी ह्यूबेल-वीझेल यांनी मांडलेली साध्या (ठरावीक जागीच रेषा टिपणाऱ्या) व गुंतागुंतीच्या (रेषा थोडी सरकली तरी टिपणाऱ्या) पेशींची उतरंड १९८० मध्ये ‘निओकॉग्निट्रॉन’ या संगणकीय जाळ्यात, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या गणिती घटकांच्या थरांत, उतरवली. यान लकून यांची १९८९ ची हस्तलिखित अंक ओळखणारी जाळी आणि छायाचित्रांतल्या वस्तू ओळखणारी २०१२ ची ‘अलेक्सनेट’ ही याच घराण्यातली.

२०१४ मध्ये प्रवाह उलटा वाहू लागला. एमआयटीतील डॅनियल यामिन्स, जेम्स डिकार्लो आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की फक्त वस्तू ओळखण्यासाठी शिकवलेल्या जाळ्याच्या वरच्या थरांवरून माकडाच्या मेंदूतील वस्तू ओळखणाऱ्या भागातल्या पेशींचा प्रतिसाद बऱ्याच अंशी आधी सांगता येतो. त्या जाळ्याला मेंदूची माहिती कधीच दिलेली नव्हती. तोवर मेंदूकडून कल्पना घेणारे यंत्र आता मेंदूविषयीचे गृहीतक बनले, आणि आजचे बहुतेक प्रबंध याच वळणानंतरचे आहेत.

मात्र प्रतिसाद जुळणे म्हणजे पाहण्याचा उलगडा होणे नव्हे. या क्षेत्रातले खरे शिक्षण जाळे जिथे माणसासारखे वागत नाही तिथे सुरू होते. जर्मनीतील ट्युबिंगन येथे पीएचडी करत असताना रॉबर्ट गाइरहोस आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये मांजराच्या आकारावर हत्तीच्या कातडीचा पोत चढवलेले चित्र वापरले. माणसे त्याला मांजर म्हणतात. नेहमीच्या छायाचित्रांवर शिकलेली जाळी हत्ती म्हणतात. पोत बदललेल्या चित्रांवर पुन्हा शिकवल्यावर जाळी आकाराकडे वळली आणि खराब चित्रांतही अधिक भरवशाची ठरली. भारतीय विज्ञान संस्थेतील (बंगळूरु) एस. पी. अरुण यांच्या गटाने २०२१ मध्ये अशीच तुलना अनेक दृक्‌परिणामांवर केली. आरशातल्या प्रतिमेची गल्लत (वस्तू आणि तिची उलटी प्रतिमा सारखीच वाटणे) जाळ्यांत आपोआप उगवलेली आढळली. एका वस्तूमागे दुसरी झाकली जाणे किंवा त्रिमित आकार समजणे यांबाबत मात्र ती माणसासारखी वागली नाहीत. अरुण स्वतः आयआयटी मुंबईतून विद्युत अभियांत्रिकी शिकून चेताविज्ञानाकडे आलेले. या वाटेवर तसे अनेकजण भेटतात.

भारताशी सर्वांत घट्ट जोडलेले उदाहरण ‘प्रोजेक्ट प्रकाश’चे. एमआयटीतील पवन सिन्हा यांनी उभारलेल्या या उपक्रमात जन्मजात मोतीबिंदू असलेल्या भारतीय मुलांवर शस्त्रक्रिया करून दृष्टी मिळवून दिली जाते आणि त्यानंतर ती पाहायला कशी शिकतात याचा अभ्यास होतो. हाताने ओळखलेली वस्तू नुसती पाहून लगेच ओळखता येईल का, हा सतराव्या शतकात विल्यम मॉलिन्यूने विचारलेला प्रश्न त्यांनी २०११ मध्ये प्रत्यक्ष तपासला. लगेच येत नाही, पण काही दिवसांतच येऊ लागते, असे उत्तर मिळाले. यापुढचा धागा मला या विषयातला सर्वांत सुंदर वाटतो. उशिरा दृष्टी मिळालेल्या मुलांना चेहरे ओळखणे जड जाते. नवजात बाळाला जग फार धूसर दिसते. या मुलांच्या वाट्याला ती धूसर सुरुवात येतच नाही, कारण शस्त्रक्रियेपर्यंत त्यांचे डोळे बाळाच्या डोळ्यांपेक्षा पुष्कळ पक्व झालेले असतात. मग धूसरपणाच उपयोगाचा असेल का? २०१८ मध्ये सिन्हा यांच्या गटाने एका जाळ्याला आधी धूसर आणि नंतर स्पष्ट चेहरे दाखवले, दुसऱ्याला सुरुवातीपासून स्पष्टच. पहिल्याने चित्राच्या मोठ्या भागाकडे एकत्र पाहणारे घटक घडवले आणि धूसर चेहऱ्यांवरही त्याची ओळख टिकून राहिली. बाळाला मुद्दाम धूसर किंवा स्पष्ट जगात वाढवून पाहणे कोणालाही शक्य नाही. जाळ्याला तसे वाढवता येते.

रोजचे काम मात्र चिकाटीचे. मिनेसोटा विद्यापीठातून २०२२ मध्ये जाहीर झालेला ‘नॅचरल सीन्स डेटासेट’ पाहिला की कल्पना येते. फक्त ८ जण, पण प्रत्येकजण वर्षभरात ३० ते ४० वेळा ७ टेस्लाच्या (अतिशय शक्तिशाली चुंबकाच्या) एमआरआय यंत्रात पडून राहिला. चित्र ३ सेकंद दिसायचे, मग एक सेकंद रिकामा, आणि हे आधी पाहिले होते का एवढेच बटण दाबून सांगायचे. एकेकाला १०,००० पर्यंत वेगवेगळी चित्रे दाखवण्याची योजना होती. या प्रकल्पाच्या प्रमुखांपैकी केंड्रिक के यांनी बर्कलीत विद्यार्थी असताना २००८ मध्ये १२० चित्रांपैकी व्यक्तीने कोणते पाहिले हे मेंदूच्या नोंदींवरून ओळखून दाखवले होते. दोन सहभागींमध्ये ९२ आणि ७२ टक्के वेळा उत्तर बरोबर आले. अशा कामात सहभागी मिळवणे, एथिक्स कमिटीची परवानगी आणि डोके हलल्याने बिघडलेल्या नोंदी दुरुस्त करणे यांतच बराच वेळ जातो. कोड लिहिण्याची हौस असलेल्याने हे आधीच जाणून घ्यावे.

परदेशात एमआयटी, ट्युबिंगन, गीसेन आणि बर्लिनचे फ्री विद्यापीठ येथे असे गट आहेत. टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठातील दृष्टिसंशोधन केंद्राला २०१६ मध्ये कॅनडा सरकारचा मोठा निधी मिळाला आणि तेथील ‘व्हिस्टा’ कार्यक्रमाने माणसाची व यंत्राची दृष्टी जाणीवपूर्वक एकत्र आणली. अमेरिकेत साधारण पाच वर्षे फीमाफी व स्टायपेंड मिळतो; जर्मनीत विद्यार्थी बहुधा विद्यापीठाचा पगारी कर्मचारी असतो. भारतात भारतीय विज्ञान संस्थेखेरीज हैदराबादच्या ट्रिपल आयटीत कॉम्प्युटर व्हिजन आणि संज्ञानविज्ञान एकाच आवारात आहेत. प्रवेश गेट किंवा नेट या राष्ट्रीय परीक्षा किंवा संस्थेची स्वतःची परीक्षा आणि मुलाखत यांतून होतो. जानेवारी २०२३ पासून जेआरएफची (पीएचडीच्या सुरुवातीच्या सरकारी शिष्यवृत्तीची) रक्कम दरमहा ३७,००० रुपये आहे.

संस्थेच्या नावापेक्षा गाइडची निवड महत्त्वाची. प्रयोगशाळेला एमआरआय किंवा डोळ्यांच्या हालचाली टिपणारे उपकरण स्वतःच्या वेळापत्रकाने वापरता येते का, आणि दुसऱ्या विभागातला सहगाइड कागदापुरता आहे की आठवड्याच्या बैठकीला बसतो, हे तिथल्या आजी विद्यार्थ्यांनाच विचारावे. अर्ज करण्याआधी हात बसवायला वर सांगितलेला मिनेसोटाचा डेटा संशोधनासाठी खुला आहे; मेंदूचा प्रतिसाद कोणाचे मॉडेल अधिक अचूक सांगते याची ‘अल्गोनॉट्स’ ही स्पर्धा २०२३ मध्ये त्याच्यावरच झाली.