शेजारच्या वाफ्यात काय उगवतं?

१९८८ साली अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या सीडर क्रीकची गवताळ जमीन दुष्काळाने करपली. तिथे २०७ वाफ्यांवर १९८२ पासून खतांचा प्रयोग चालू होता. दुष्काळ प्रयोगात नव्हताच, पण आलाच आहे तर मोजून घेऊ, असं झालं. परिसंस्थांचे अभ्यासक डेव्हिड टिलमन आणि जॉन डाउनिंग यांनी १९९४ मध्ये हिशेब मांडला. जातींनी समृद्ध वाफ्यांतलं गवत साधारण निम्म्यावर आलं होतं. मोजक्या जातींच्या वाफ्यांत ते आठव्या हिश्श्यापर्यंत घसरलं होतं.

यावर वाद झडला, आणि तो रास्त होता. मायकेल ह्यूस्टन यांनी १९९७ मध्ये दाखवून दिलं की, कमी जातींचे वाफे हे बहुतांशी भरपूर नत्र दिलेले वाफे होते. मग मार बसला तो जाती कमी म्हणून, की खतामुळे? टिलमन यांच्या गटाने तोवर नवा प्रयोग सुरू केलाच होता. त्यात एकापासून सोळापर्यंत जाती सोडत काढल्यासारख्या निवडून पेरल्या होत्या. ठरवलेली संख्या टिकावी म्हणून हे वाफे दरवर्षी हाताने निंदले जात. मला या निंदणीची गंमत वाटते. उपटलेल्या तणात शेजारून उडत आलेल्या बियांची रोपंही असत. वाफ्यातली विविधता नेमकी मोजण्यासाठी वाफ्याचा शेजाराशी असलेला संबंधच तोडावा लागत होता.

शेजाराचा विचार करणारी माणसं वेगळ्याच वाटेने आली होती. कार्ल हफेकर यांनी १९५८ मध्ये ट्रेमध्ये संत्री मांडून त्यांवर रस शोषणारे सूक्ष्म कोळी (माइट) सोडले आणि त्यांना खाणारे भक्षक कोळीही. साध्या मांडणीत भक्षकांनी सगळी शिकार फस्त केली आणि स्वतःही उपाशी मेले. मग त्यांनी संत्र्यांची संख्या वाढवली, मधे व्हॅसलिनचे बांध घातले आणि लाकडी खुंट्या रोवल्या. खुंटीवर चढून रेशमी धाग्याच्या आधाराने हवेत झोकून देणं शिकारी जातीला जमत नव्हतं, तिच्या भक्ष्याला जमत होतं. एवढ्याने दोघांची लपाछपी तीन आवर्तनं चालली. ना पूर्ण मोकळी वाट, ना पूर्ण बंद.

१९६० मध्ये रॉबर्ट व्हिटेकर यांनी अमेरिकेतल्या सिस्कियू पर्वतांतल्या वनस्पतींचा अभ्यास करताना मोजदादीची भाषा दिली. एका जागेतली विविधता ती अल्फा, सगळ्या प्रदेशाची ती गॅमा आणि एका जागेतून दुसरीत जाताना जाती किती बदलतात ती बीटा. उत्पादकतेच्या प्रयोगांत मात्र पुढची कित्येक वर्षं अल्फाचंच राज्य राहिलं.

दोन्ही धागे जुळले ते २००३ मध्ये. मिशेल लोरो, निकोला मूके आणि अँड्र्यू गोन्झालेझ यांनी गणिती प्रतिमान मांडलं. कल्पना करा, पाचसहा तुकडे आहेत आणि प्रत्येकाची परिस्थिती आपापल्या तालावर बदलते. एका तुकड्यावर ताण येतो आणि तिथली जोरात असलेली जात ढेपाळते. पण ती नवी परिस्थिती मानवणारी जात शेजारी तग धरून असेल आणि तिचं बी इथवर पोचत असेल, तर जागा भरून निघते आणि उत्पादन फारसं कोसळत नाही. याला त्यांनी अवकाशीय विमा म्हटलं, म्हणजे वेगवेगळ्या जागांनी एकमेकींना दिलेला विमा.

या विम्याची खोच अशी की, येण्याजाण्याचं प्रमाण वाढवत नेलं की आधी फायदा वाढतो आणि मग तो ओसरतो. ये-जा अगदीच थांबली तर गरजेची जात पोचतच नाही. ती बेसुमार झाली तर सगळे तुकडे मिळून एकच मोठा तुकडा होतो. सरासरीने बरी पडणारी एकच जात सगळीकडे पसरते, बीटा विविधता संपते आणि पुढचा ताण सगळ्यांना एकदमच बसतो. जोडणी चांगली की वाईट, या प्रश्नाला म्हणूनच सरळ उत्तर नाही. दोन तुकड्यांत एकसारख्याच जाती असतील तर त्यांच्यामधली वाट वाहून आणणार तरी काय?

गोन्झालेझ यांनी आधी, १९९८ मध्ये, खडकांवरच्या शेवाळाचे तुकडे करून पाहिले होते. तुटक्या तुकड्यांतून सूक्ष्म संधिपाद (सांधेदार पायांच्या) प्राण्यांच्या जाती नाहीशा होत गेल्या. शेवाळाची पट्टी राखून जोडलेल्या तुकड्यांत त्या बऱ्याच टिकल्या. पट्टीत छोटी फट पाडली की हा फायदा मिळेनासा होई.

प्रत्यक्षातला मोठा दाखला अलास्काच्या ब्रिस्टल उपसागराचा. तिथले सॉकाय सॅमन मासे आपापल्या जन्माच्या ओढ्या-तळ्यांकडे परततात, त्यामुळे शेकडो उपसमूह किंचित वेगळे राहिले आहेत. डॅनियल शिंडलर यांच्या गटाने २०१० मध्ये पाच दशकांच्या नोंदी तपासल्या. हे सगळे एकाच साच्याचे असते तर वर्षावर्षातला चढउतार २.२ पट झाला असता, आणि मासेमारी बंद ठेवण्याची वेळ दहापट जास्त वेळा आली असती, असं त्यांनी काढलं. इथे जाती वेगवेगळ्या नव्हत्या, एकाच जातीतले समूह होते. तरी हिशेब तोच लागला. विसाव्या शतकाच्या मध्यात उपसागरातले सर्वाधिक मासे क्विचक नदीचे होते. नव्वदच्या दशकात तिथल्या माशांचा ओघ आटला, पण तोवर त्याच उपसागरातल्या एगेगिक नदीचा वाढलेला होता.