'संस्कृतमधून आलेला' म्हणजे नेमके काय?

अमुक इंग्रजी शब्द 'संस्कृतमधून आलेला' आहे, असे संदेश सतत फिरतात. युरोपीय भाषांचे इथल्या भाषांशी साम्य आहे, हे युरोपीयांनी लवकर टिपले ते गोव्यात. पुढे मराठीत पुराण रचणाऱ्या एका इंग्रज जेझुइट पाद्र्याने १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी असल्याचे कळवले. त्याच दशकात फ्लोरेन्सच्या एका व्यापाऱ्याने सप्त–सेत्ते, अष्ट–ओत्तो, नव–नोवे अशा संस्कृत-इटालियन जोड्या लिहून ठेवल्या. पण ही पत्रे दीर्घकाळ छापलीच गेली नाहीत, त्यामुळे श्रेय गेले विल्यम जोन्स यांच्या १७८६ च्या कलकत्त्यातील भाषणाला. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एका समान उगमातून निघाल्या आणि तो उगम कदाचित आता उरलेला नाही, असे त्यात म्हटले होते. हा दुसरा भाग उद्धृत करताना बहुधा गाळला जातो.

खरा पाया घातला गेला तो १८२२ मध्ये मांडलेल्या ध्वनिनियमाने. मूळ प, त, क यांचे जर्मानिक शाखेत (इंग्रजी, जर्मन वगैरे) फ, थ, ह होतात आणि द, ग यांचे त, क. म्हणून पद–फूट, त्रि–थ्री, दन्त–टूथ. संस्कृत 'शत'मधला श हा जुना क, त्यामुळे इंग्रजीत 'हंड्रेड'. एक अडचण मात्र उरली होती. 'भ्रातृ'मधल्या त चा थ झाला, पण 'पितृ' आणि 'मातृ' यांच्या जुन्या इंग्रजी रूपांत द दिसतो (आजच्या 'फादर', 'मदर'मधला उच्चार पुढच्या काळातला). उलगडा झाला १८७० च्या दशकात, तोही वैदिक स्वरांमुळे, म्हणजे उच्चारातल्या चढ-उतारांमुळे. 'भ्रातृ'चा उदात्त (चढा स्वर) पहिल्या अक्षरावर, 'पितृ'-'मातृ'चा शेवटच्या. उदात्त लगेच आधी नसेल तिथे थ मऊ होऊन द झाला. वेदपाठींनी स्वर इतक्या काटेकोरपणे जपले नसते, तर हा नियम सिद्ध करणे फार अवघड गेले असते.

त्याच दशकात संस्कृतला जननी मानणेही सुटले. लॅटिन 'क्वे' आणि संस्कृत 'च' हे एकच अव्यय. संस्कृतमध्ये क चा च होतो तो 'ए'सारख्या स्वरापुढे. म्हणजे संस्कृतच्या 'अ'मागे कधीकाळी 'ए' होता. ग्रीक-लॅटिनने ए, ओ, अ वेगळे राखले, संस्कृतमध्ये ते एक झाले. आईचे स्थान गेले, बहिणीचे राहिले.

खरा घोळ 'संस्कृतोद्भव' या शब्दाने घातला आहे. सगोत्र (एकाच पूर्वजापासून आलेला) शब्द आणि उसना शब्द त्याने एकाच पोत्यात भरले जातात. 'नॅव्हिगेशन' हे 'नवगती'पासून आले, असे फिरणारे संदेश सांगतात. शब्द फोडून पाहावा: लॅटिन 'नाविस' म्हणजे नौका, 'आगेरे' म्हणजे हाकणे, शेवटी प्रत्यय. पहिला भाग 'नौ'चा सगोत्र, दुसरा 'अज्' धातूचा. 'गती'चा त्यात काही संबंध नाही. आणि खरे नाते त्या दाव्याहून कितीतरी सुंदर आहे. 'पथ' आणि 'पाथ' यांचे साम्य तर संशयच वाढवते, कारण नियमाने इंग्रजीत फ यायला हवा होता. फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' यांचा अर्थ एक, पण नाते नाही.

उलट दिशेचे उदाहरण अनेकांना खटकते. 'केंद्र' आणि 'होरा' हे ग्रीक 'केंत्रोन' आणि 'होरा' यांवरून ज्योतिषासोबत संस्कृतात आले. इंग्रजी 'सेंटर' आणि 'अवर' त्याच ग्रीक शब्दांतून लॅटिन-फ्रेंचमार्गे गेले. ते संस्कृतचे देणे नव्हे.

उसनवारीत मात्र प्रत्येक मुक्काम दाखवावा लागतो. शर्करा, फारसी शकर, अरबी सुक्कर, मध्ययुगीन लॅटिन, जुनी फ्रेंच आणि मग 'शुगर'. तीच शर्करा मल्याळममध्ये 'चक्कर' झाली, पोर्तुगीजांनी तिला 'जागरा' केले आणि इंग्रजांनी 'जॅगरी'. 'जिंजर'चा माग 'शृङ्गवेर'पर्यंत जातो, पण तिथे थांबणे चूक. त्यातले 'शृङ्ग' नंतर जुळवलेले आहे. शब्दाचा उगम द्राविडी: तमिळ 'इंजी' म्हणजे आले आणि 'वेर' म्हणजे झाडाची मुळी. 'मंगूस'ला कोशकार मराठी 'मुंगूस'चे नाव देतात, काही तेलुगू 'मुंगिस'पर्यंत मागे जातात. इंग्रजीला शब्द कोणी दिला आणि तो प्रथम कुठे घडला, या दोन प्रश्नांसाठी कोशात दोन वेगळे रकाने हवेत.