ब्लड कॅन्सरच्या पेशंटमधले व्हाईट मॅटरचे डाग (निदान)

ल्युकेमिया, लिम्फोमा, मायलोमा अशा ब्लड कॅन्सरच्या पेशंटच्या एमआरआयमध्ये मेंदूच्या व्हाईट मॅटरमध्ये, म्हणजे आतल्या वायरिंगच्या भागात, डाग दिसले की ते कशामुळे आलेत हे शोधावं लागतं. परळला टाटा हॉस्पिटलच्या आवारात रिपोर्ट हातात घेऊन उभ्या असलेल्या नातेवाइकांना पहिली भीती हीच, की कॅन्सर डोक्यात गेला. तसं असूही शकतं, पण पुष्कळदा कारण औषधात सापडतं. म्हणून फिल्मइतकीच फाईल महत्त्वाची, कुठलं इंजेक्शन कुठल्या तारखेला दिलं ते आधी बघायचं.

मेथोट्रेक्सेट हे केमोचं औषध पाठीतून दिल्यावर साधारण दोन आठवड्यांच्या आत पोराचा एक हात लुळा पडतो किंवा बोलणं अडखळतं, सगळ्यांना वाटतं पॅरालिसिसच झाला, सीटी बऱ्याचदा नॉर्मल येतो आणि डिफ्युजन या खास प्रकारच्या एमआरआयवर मात्र डाग चमकतो. बहुतेक जण काही दिवसांत सावरतात. बीपी एकदम चढून फिट आली, दिसेनासं झालं आणि डाग मेंदूच्या मागच्या बाजूला असले तर प्रेसचा (PRES, म्हणजे मेंदूच्या मागच्या भागात येणारी, बहुतेकदा उतरणारी सूज) संशय घ्यायचा. टॅक्रोलिमससारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधंही त्याला कारण ठरतात.

खरा घात करतो तो पीएमएल (प्रोग्रेसिव्ह मल्टिफोकल ल्युकोएन्सेफॅलोपॅथी), म्हणजे व्हायरसमुळे व्हाईट मॅटर खराब होण्याचा आजार. याचं वर्णन 1958 मध्ये पहिल्यांदा झालं तेच मुळी ब्लड कॅन्सरच्या पेशंटवरून. रिटुक्सिमॅब, फ्लुडाराबीनसारख्या औषधांनी प्रतिकारशक्ती पडली की शरीरात झोपलेला जेसी व्हायरस उठतो. त्रास आठवड्या-आठवड्यांनी वाढत जातो, डाग कॉर्टेक्सला, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराला, अगदी खालून चिकटलेले असतात, त्यांना सूज सहसा नसते आणि ते कॉन्ट्रास्टही (एमआरआयच्या वेळी शिरेतून देतात ते औषध) फारसा घेत नाहीत. पाठीच्या पाण्यात व्हायरसची पीसीआर करतात, पण ती निगेटिव्ह आली म्हणून सुटलो असं नाही, कधी बायोप्सीच करावी लागते.

कॅन्सरच्या पेशी शोधायलाही तेच पाणी लागतं. एका सॅम्पलमध्ये त्या हुकू शकतात, फ्लो सायटोमेट्री (मशीनने एकेक पेशी ओळखायची तपासणी) केली तर सापडायची शक्यता वाढते, आणि प्लेटलेट कमी असतील तर आधी त्या चढवूनच सुई टोचायची. लिम्फोमाचा संशय असेल आणि पेशंटची तब्येत थांबण्याइतकी बरी असेल तर बायोप्सीआधी स्टेरॉईड टाळतात, कारण गाठ तात्पुरती विरघळते आणि मग हाती काहीच लागत नाही. मुंबईत टीबीच्या गाठीची शक्यताही लक्षात ठेवावीच लागते, ती मात्र कॉन्ट्रास्ट दिल्यावर बऱ्याचदा रिंगसारखी दिसते.

वय झालेल्या, बीपी-शुगरवाल्या माणसाचे डाग कॅन्सरच्या आधीपासूनचेही असतात, तेव्हा घरी जुना एमआरआय असेल तर तो शोधून आणावा.