उधाणाचं पाणी, भांगाचं पाणी: हिवाळ्यात गरी कधी आणि कुठे टाकावी

कोजागिरी उलटली की कोकण किनाऱ्यावरचा समुद्र निवळतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी लाटा लहान, सकाळी जमिनीकडून येणारा मतलई वारा, दुपारनंतर वायव्येचा खारा वारा. रोजचं चित्र जवळपास तेच, आणि नवे गरवणारे (गळाने मासे पकडणारे) इथेच फसतात. ते फक्त भरतीची वेळ बघून निघतात. मग एका रविवारी जिथे रावस लागला, तिथेच पुढच्या रविवारी साधा टोकाही (आमिषाला माशाचा झटका) येत नाही. वरून समुद्र तसाच दिसतो, पण एका रविवारी पाणी उधाणाचं असतं, दुसऱ्या रविवारी भांगाचं.

पौर्णिमा-अमावास्येला सूर्य आणि चंद्राची ओढ एका रेषेत येते, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास ती काटकोनात येते, तो भांग. दोन्ही दिवशी भरत्या दोन आणि ओहोट्याही दोनच, म्हणून नुसत्या वेळा वाचून फरक कळत नाही. भरती-ओहोटीच्या तक्त्यात भरतीची उंची वजा ओहोटीची उंची करून बघा. मुंबईला हा फरक उधाणात सरासरी पावणेचार मीटरच्या आसपास असतो, भांगात जेमतेम दीड मीटर. दक्षिणेला तो कमी होत जातो. गोव्यात उधाणाचा फरकही मुंबईच्या निम्म्याहून कमी. आणि जोर नेमका तिथीच्या दिवशी नसतो, एक-दोन दिवस उशिरा येतो. म्हणून पौर्णिमेपेक्षा प्रतिपदा-द्वितीयेचं पाणी मोठं.

भरती-ओहोटीच्या सहा तासांत पाणी सारख्या वेगाने हलत नाही. ढोबळ हिशेब बाराव्या भागाचा, म्हणजे एकूण फरकाचे बारा भाग धरून: पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन, शेवटी एक. म्हणजे उधाणाच्या तिसऱ्या-चौथ्या तासात पाणी तासाला ९०-९५ सेंटीमीटर चढतं किंवा उतरतं. भांगात त्याच तासांत ३५-४०. वसई, अर्नाळा, वर्सोव्याच्या डोलकरांचं सगळं गणित यावरच चालतं. डोल जाळं एका जागी बांधलेलं असतं, बोंबील-जवळा त्यात प्रवाहच आणून सोडतो. भांगात प्रवाहच ढिला पडतो, म्हणून डोलीतही कमी पडतं.

वेळेसाठी कोकणातला जुना हिशेब आजही उपयोगी आहे: तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पूर्ण भरती सहाच्या सुमारास. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. हा अंदाज आहे, तक्ता नव्हे. ४ डिसेंबर २०२५ च्या पौर्णिमेला मुंबईची रात्रीची भरती ११.५२ला होती, हिशेबापेक्षा सदतीस मिनिटं उशिरा. खाडीत जितकं आत जाल तितका आणखी उशीर. रत्नागिरी-मालवणला मात्र भरती मुंबईच्या आधी येते.

या हिशेबातून हिवाळ्यासाठी फार महत्त्वाची गोष्ट निघते. उधाणात भरती दुपारी आणि मध्यरात्री, म्हणजे झुंजूमुंजू आणि तिन्हीसांजेला, मासा चरायला निघतो त्या वेळी, पाणी तळाला गेलेलं. भांगात उलट: सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास पाणी भरलेलं. ज्याला खडपावरून (किनाऱ्यावरच्या खडकावरून) फक्त पहाटेचे दोन तास गरवायचं आहे त्याने उधाणाच्या मागे धावू नये, भांगच धरावा.

भांगाचं पाणी स्वच्छही असतं. प्रवाह तळाचा गाळ ढवळत नाही, त्यामुळे तांबोशी, हेकरू यांना आमिष दिसतं. तसा त्यांना तंगूसही (गळाचा नायलॉनचा दोर) दिसतो. म्हणून तो बारीक घ्यावा आणि शिसं ३०-४० ग्रॅमच्या वर नेऊ नये. जड शिसं कपारीत अडकतं आणि शांत पाण्यात उगाच आवाज करतं. आमिषाला माकूल (स्क्विड) किंवा ताज्या बांगड्याचे तुकडे चालतात. एका जागी वीस मिनिटं काही नाही झालं तर जागा बदला. प्रवाह मंद असल्यामुळे आमिषाचा वास लांब जात नाही, मासा जिथे आहे तिथे आपणच जावं लागतं.

उधाणात मासा हलत असतो, आपण त्याच्या वाटेवर बसायचं. रावस खाडीच्या तोंडावरच्या वाळूच्या दांड्याला, भरतीच्या दुसऱ्या-तिसऱ्या तासात. जिताडा खाडीत, ओहोटी सुरू झाल्यावर, जिथे खारबंदिस्तीच्या (खारं पाणी अडवणाऱ्या बांधाच्या) उघाडीतून, म्हणजे पाणी सोडायच्या दारातून, कोळंबी-चिवणी पाण्याबरोबर बाहेर पडतात. शिसं ८० ते १२० ग्रॅम आणि चपटं. गोल गोळी तळावर लोळत जाते. दोर जाड असला की पाण्याचा रेटा जास्त बसतो, दोराला पोट पडतं आणि टोका हाताला कळत नाही. अशा वेळी बरेच जण शिसं वाढवत जातात. आधी दोर बारीक करून बघा, किंवा गरी प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाका.

जिवंत कोळंबी लावताना डोक्यातला काळा ठिपका चुकवून, डोक्यावरच्या काट्याच्या बुडाशी गळ आडवा घाला. त्या ठिपक्याला गळ लागला की कोळंबी मरते. पोटातून ओवलेली कोळंबी जोराच्या पाण्यात भिंगरीसारखी फिरते, तंगूसाला पीळ बसतो आणि रावस तिच्याकडे बघतही नाही.

होडीने जाणाऱ्यांनी वाऱ्याचा मेळ आधी बघावा. उधाणाच्या दिवशी दुपारी एकपासून संध्याकाळपर्यंत ओहोटी खाडीतून बाहेर धावते आणि नेमका त्याच वेळी वायव्येचा वारा समोरून येतो. पाणी आणि वारा एकमेकांसमोर आले की खाडीच्या तोंडावर आखूड, उभ्या लाटा उठतात. आतून खाडी शांत दिसते, खुला समुद्रही तितका वाईट नसतो, पण मधला तो पट्टा लहान होडीला धोक्याचा. बारापर्यंत भरत्या पाण्याबरोबर आत यावं. भांगात दुपारी पाणी भरत असतं, वारा आणि पाणी एकाच दिशेने चालतात, आणि जोरही कमी. नवख्याने होडीचा पहिला फेरा भांगातच करावा.

शेवटचा फरक फक्त हिवाळ्यातला आहे, आणि खडपावर रात्र काढणाऱ्यांनी तो पक्का ध्यानात ठेवावा. पावसाळ्यात मोठी भरती दिवसा येते, हिवाळ्यात ती रात्री येते. ६ डिसेंबर २०२५ला मुंबईत मध्यरात्री १२.३९ची भरती ५.०३ मीटर होती आणि त्याच दिवशी दुपारी १२.२०ची ४.१७ मीटर. ८६ सेंटीमीटरचा फरक! दुपारच्या ओल्या खुणेच्या वर पिशवी ठेवून निर्धास्त बसलेल्याचं सामान रात्री वाहून जातं. सामानापेक्षा मोठा धोका परतीच्या वाटेचा, कारण किनाऱ्याकडची सखल घळ खडपाच्या माथ्याच्या आधी भरते. म्हणून उधाणाच्या रात्री घळीत पाणी शिरताना दिसलं की मासा लागत असला तरी गरी गुंडाळावी. चढत्या पाण्यात तिसरा तास सुरू झाला की घोट्यापर्यंतचं पाणी पाऊण तासात मांडीला लागतं.