मुका मार आणि दुसरी इजा: मेंदूच्या दुखापतीवरील उपचारांची पार्श्वभूमी

ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला की कोल्हापूरजवळ शिरोलीपासून कागलपर्यंतच्या महामार्गावर आणि आतल्या अंधाऱ्या गावरस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर दिसू लागतात. मागच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर नसेल, तर दुचाकीस्वाराला ती अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. अशा अपघातातल्या माणसाला दवाखान्यात आणणारे नातेवाईक पुष्कळदा एवढेच सांगतात, "रक्त कुठंच आलं नाही, नुसता मुका मार हाय." या वाक्यातला दिलासा किती फसवा असू शकतो, हे समजायला वैद्यकशास्त्राला दोन शतकांहून अधिक काळ लागला.

एडिंबराचे शरीररचनातज्ज्ञ अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ मध्ये आणि जॉर्ज केली यांनी १८२४ मध्ये एक साधी गोष्ट मांडली. कवटी हे बंद भांडे आहे. त्यात मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचे पाणी एवढेच मावते आणि यांपैकी एकाचे आकारमान वाढले, तर दुसऱ्याला जागा सोडावी लागते. हाताला मार लागला तर सूज बाहेर दिसते. मेंदूच्या सुजेला मात्र बाहेर वाट नसते, त्यामुळे आतला दाब वाढतो, मेंदूला होणारा रक्तपुरवठा घटतो आणि शेवटी मेंदूचा भाग खाली सरकून श्वासाचे केंद्रच दाबले जाते. कवटी आणि मेंदूवरचे आवरण यांच्यामध्ये रक्तस्राव झालेला माणूस पडल्यावर उठून बसतो, बोलतो, चहाही पितो आणि काही तासांनी उलट्या होऊन गुंगीत जातो, त्याचे कारण हेच. तेवढ्या वेळात रक्ताची गाठ वाढलेली असते. दाब फार वाढला की रक्तदाब चढतो आणि नाडी मंदावते, हे अमेरिकन मेंदूशल्यचिकित्सक हार्वे कुशिंग यांनी विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला प्रयोगांनी दाखवले. पहिल्या महायुद्धात याच कुशिंग यांनी जखमेतील हाडांचे तुकडे आणि निकामी झालेला भाग काळजीपूर्वक काढून जखम घट्ट शिवण्याची पद्धत बसवली. त्यामुळे मेंदूपर्यंत जखम पोहोचलेल्या सैनिकांमधील मृत्यूचे प्रमाण सुमारे ५४ टक्क्यांवरून २९ टक्क्यांपर्यंत उतरले.

आपल्याकडे या शाखेचे स्वतंत्र काम उशिरा उभे राहिले. १९४९ मध्ये वेल्लोरला डॉ. जेकब चंडी यांनी आणि त्यापाठोपाठ मद्रासमध्ये डॉ. बी. राममूर्ती यांनी मेंदूशल्यचिकित्सेचा पाया घातला. कोल्हापुरातील आजचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे सर्वांचे 'सीपीआर', हे संस्थानकाळातील अल्बर्ट एडवर्ड रुग्णालय. ती इमारत उभी राहिली तेव्हा कवटीच्या आत काय चालले आहे हे पाहण्याचे कोणतेही साधन जगात कुठेच नव्हते. त्यानंतरही कित्येक दशके साधा एक्स-रे, मानेतील धमनीत औषध सोडून काढलेली चित्रे किंवा अंदाजाने कवटीला पाडलेली छिद्रे यांवरच शल्यचिकित्सकाची मदार होती. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील विम्बल्डन येथे अभियंते गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे सीटी स्कॅन झाले. गाठ कुठे आणि किती आहे, हे कवटी न उघडता दिसू लागले.

मला मात्र १९७४ मधील ग्लासगो येथील डॉक्टरांची देणगी सीटी स्कॅनइतकीच मोलाची वाटते. 'अर्धवट शुद्धीत', 'ग्लानीत' अशा शब्दांचा अर्थ प्रत्येक डॉक्टरगणिक बदलत असे. ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल या तीनच गोष्टींवर शुद्धीचे मोजमाप बांधले. आज त्याची बेरीज ३ ते १५ अशी होते आणि ८ किंवा त्याखालील आकडा इजा गंभीर असल्याचे सांगतो. खाटेजवळ उभी राहून "नाव काय तुमचं? हात वर करा बघू," असे विचारणारी आणि बुबुळांवर बॅटरी मारून पाहणारी परिचारिका दर तासाला हेच मोजमाप करत असते. १४ चा आकडा १२ वर आला, तर ती डॉक्टरांना तत्काळ बोलावते, कारण वाढत्या गाठीची चाहूल पुष्कळदा याच घसरणीतून लागते.

या मोजमापामुळे हजारो रुग्णांची तुलना शक्य झाली आणि त्यातून सर्वांत महत्त्वाचा धडा मिळाला. आघाताच्या क्षणी झालेली पहिली इजा कोणालाही परत फिरवता येत नाही. त्यानंतर प्राणवायू कमी पडल्याने, रक्तदाब घसरल्याने आणि सूज वाढल्याने होणारी दुसरी इजा मात्र बऱ्याच अंशी टाळता येते. गंभीर इजेच्या रुग्णाचा वरचा रक्तदाब एकदा जरी ९० च्या खाली गेला, तरी मृत्यूचे प्रमाण जवळजवळ दुप्पट होते, असे १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात आढळले. गगनबावड्याहून कोल्हापूर सुमारे ५५ किलोमीटर आहे, चंदगड तर त्याहून कितीतरी लांब. या अंतरात श्वासमार्ग मोकळा राहतो की नाही आणि रक्तस्राव थांबवला जातो की नाही, यावर पुढचे बरेच काही ठरते. २०१४ पासून राज्यात धावणाऱ्या १०८ रुग्णवाहिकांचे खरे महत्त्व इथे आहे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतणे किंवा नाकाला कांदा लावत बसणे अजूनही घडते. त्यातले पाणी श्वासनलिकेत उतरून दुसऱ्या इजेची सुरुवात रस्त्यावरच होऊ शकते.

काही उपचार प्रामाणिक समजुतीने रूढ झाले आणि पुढे सोडून द्यावे लागले. सूज उतरवण्यासाठी स्टिरॉइड देण्याची पद्धत अनेक वर्षे होती. १०,००८ रुग्णांवरील चाचणीचा निष्कर्ष २००४ मध्ये आला, तेव्हा स्टिरॉइडने मृत्यू वाढतात असे दिसले. व्हेंटिलेटरवर श्वास मुद्दाम जलद ठेवून दाब उतरवण्याचा प्रघातही मागे पडला, कारण त्यामुळे मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तपुरवठा आणखी घटतो. झटके रोखण्याचे औषध पहिल्या ७ दिवसांतील झटके टाळते, पण पुढे जडणारा अपस्मार (मिरगी) टाळत नाही, हे १९९० मध्ये स्पष्ट झाले.

औषधांनी दाब आटोक्यात येत नसेल, तर कवटीचा मोठा तुकडा काढून मेंदूला फुगायला जागा करून दिली जाते. तो तुकडा कधी कधी रुग्णाच्याच पोटाच्या कातडीखाली जपून ठेवतात आणि सूज ओसरल्यावर परत बसवतात. या शस्त्रक्रियेने सहा महिन्यांतील मृत्यूचे प्रमाण ४८.९ वरून २६.९ टक्क्यांवर आले, असे २०१६ च्या चाचणीत दिसले. पण त्याच चाचणीत केवळ श्वास घेत, भान नसलेल्या अवस्थेत उरलेल्यांचे प्रमाणही २.१ वरून ८.५ टक्क्यांवर गेले. संमतीच्या कागदावर सही करण्यापूर्वी नातेवाइकांना हे दोन्ही आकडे समजावून सांगितले गेले पाहिजेत, असे मला मनापासून वाटते.

अतिदक्षता विभागातून बाहेर आल्यावरही गुंतागुंती संपत नाहीत. नाकातून मेंदूभोवतीचे पाणी गळत राहिले तर मेंदूज्वराचा धोका असतो, रक्तातील सोडियम घसरू शकते, मेंदूत पाणी साठू शकते, फुप्फुसात जंतुसंसर्ग होतो, पायाच्या शिरेत गुठळी होते, पाठीला शय्याव्रण पडतात. न्हाणीत घसरलेल्या वृद्धांमध्ये तर कित्येकदा तीन-चार आठवड्यांनी चाल अडखळू लागते, बोलणे विसंगत होते आणि घरचे ते वयाचा परिणाम म्हणून सोडून देतात. प्रत्यक्षात आवरणाखाली हळूहळू रक्त साठलेले असते आणि कवटीला एक-दोन छिद्रे पाडून ते काढले की बहुतेक जण पुन्हा चालू-बोलू लागतात. तरुणांमध्ये सर्वांत कमी बोलली जाणारी गुंतागुंत स्वभावातील बदलाची आहे. हातपाय ठीक, स्कॅन जवळजवळ स्वच्छ, तरीही राग अनावर होतो, दुकानातला हिशेब जमत नाही, ठरलेले काम लक्षात राहत नाही. घरात त्याला "आळशी झालाय, ऐकत नाही" म्हणतात, आणि तपासणीच्या दिवशी ही तक्रार डॉक्टरांपर्यंत पोहोचतच नाही.