जुन्या लिलीपाँड फाइली नव्या आवृत्तीत का अडतात

सदर भागातल्या एका कॉयरची (चर्चच्या गायकवृंदाची) नाताळची गाणी सध्या माझ्याकडे नव्याने छापायला आली आहेत. सोप्रानोपासून बेसपर्यंत चारही आवाज २००७ च्या सुमारास लिलीपाँडमध्ये, म्हणजे स्वरपत्रं छापण्याच्या संगणक प्रोग्राममध्ये, टाइप केलेले. आजच्या आवृत्तीने काही फाइली मुकाट्याने घेतल्या, काहींवर एररची रांग लावली. असं का होतं, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

लिलीपाँड १९९६ मध्ये हान-वेन निएनहाउस आणि यान न्यूवेनहाउझेन या दोन डच तरुणांनी सुरू केलं. हाताने कोरलेल्या जुन्या युरोपीय स्वरपत्रांसारखी देखणी छपाई संगणकाने करावी, हा त्यांचा ध्यास. माउसने स्वर मांडायचे नाहीत, साध्या टेक्स्ट फाइलीत अक्षरांनी लिहायचे. सी शार्पसाठी 'सिस' लिहावं लागतं, तेही या डच मुळामुळेच.

भाषा घडत असतानाच लोक ती वापरू लागले, त्यामुळे प्रत्येक सुधारणेत कुणाची तरी जुनी फाइल अडली. मोठी उलथापालथ २००३ मध्ये, २.० या आवृत्तीत झाली. एकेरी कोनी कंस कॉर्डसाठी (एकत्र वाजणाऱ्या स्वरांसाठी) आणि दुहेरी कंस एकाच वेळी चालणाऱ्या स्वतंत्र आवाजांसाठी, असं ठरलं. पुढे २०१३ च्या २.१८ मध्ये ट्रिपलेटचं, म्हणजे दोन स्वरांच्या वेळात बसवलेल्या तीन स्वरांचं, लिखाण बदललं. आधी 'टाइम्स २/३' लिहायचं, म्हणजे प्रत्येक स्वराची लांबी दोन-तृतीयांश. आता 'ट्युप्लेट ३/२', म्हणजे दोनाच्या जागेत तीन. वाजवणारा मनात असंच मोजतो, म्हणून हा बदल मला मनापासून पटतो. जुनं रूप अजून चालतं, हेही बरंच.

या सगळ्यावरचा उतारा लिलीपाँडसोबतच येतो: 'कन्व्हर्ट-एलवाय' नावाची पायथन स्क्रिप्ट. फाइलीच्या डोक्यावरची 'व्हर्जन'ची ओळ ती आधी वाचते. समजा तिथे २.१०.३३ आहे, तर त्यानंतरच्या प्रत्येक बदलाचा नियम क्रमाने लावत ती आजच्या लिखाणापर्यंत येते आणि शेवटी ती ओळही बदलते. ही एक ओळ गाळली, तर फाइल कुठल्या काळातली हे आपल्यालाच सांगावं लागतं. म्हणून नवी फाइल सुरू करताना ती ओळ आधी लिहा, स्वर नंतर.

स्क्रिप्टला संगीत कळत नाही, ती फक्त शब्द शोधून बदलते. फाइलीत स्कीम या प्रोग्रामिंग भाषेत कुणी खास करामती केल्या असतील, तर तिथे ती सूचना देऊन थांबते आणि उरलेलं हाताने करावं लागतं. कॉयरच्या फाइलींत बहुतेक वेळ इथेच जातो आहे.

तरीही टेक्स्ट फाइल असल्याने ती निदान उघडून वाचता येते. स्वरलेखनाचाच दुसरा प्रोग्राम, १९८८ पासूनचं फिनाले, ऑगस्ट २०२४ मध्ये बंद होत असल्याचं जाहीर झालं. त्याच्या फाइली साध्या एडिटरमध्ये उघडून काही हाती लागत नाही. ज्यांचं काम त्यात अडकलंय, त्यांनी प्रोग्राम चालतोय तोवर एकेक फाइल म्युझिकएक्सएमएलमध्ये, म्हणजे इतर प्रोग्रामनाही वाचता येणाऱ्या टेक्स्ट स्वरूपात, काढून ठेवावी.